आमूलाग्र

अग्रलेखात हा शब्द आला की
मी आधी त्याचं मूळ बघतो, मग अग्र.
मधल्या खोडाबद्दल शब्द गप्प असतो.

त्सियाला खोडाच्या उंचीची बाई.
गुरियाच्या उतारावर, काळ्या समुद्राकडे तोंड करून,
चहाच्या कारखान्यात वजनकाट्यापाशी एकोणीस वर्षं.
लाकडी चौकटीतले मणी इकडून तिकडे;
टोपलीला एक मणी,
दहा झाले की हातचा एक.
तिचे आकडे मॉस्कोला जात.
तिथे ते कोण वाचतं, तिनं कधी विचारलं नाही.
टोपलीच्या तळाशी दगड ठेवणाऱ्या एतेरीलाही
तिनं कधी विचारलं नाही.

देश बदलला त्या रात्री वीज नव्हती,
म्हणून काही दिसलं नाही.
नुगझारनं कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं,
आणि त्याच दमात विचारलं,
घासलेट आहे का थोडं?

मग पगार कुपनांत आला.
कुपनांवर शून्यं वाढत गेली,
चौकटीतल्या तारा संपल्या, शून्यं संपेनात.
रांगेत ती चार पावलं पुढे सरके,
पावाचा भाव आठ पावलं.

तिबिलिसीहून एक तज्ज्ञ आला, चांगल्या बुटांचा.
म्हणाला, यापुढे भाव बाजार ठरवणार.
त्सियालानं विचारलं, कुठे भरतो तो?
तो हसला.
तिनं गंमत केली नव्हती.

कारखाना वजनावर विकला गेला,
तिच्याच काट्यावर.
आधी पानं वळणारे रूळ, मग वाळवणीच्या जाळ्या,
मग खिडक्यांचे गज, मग गेटवरचा तारा.
शेवटी काटाच उरला.
काटा कशावर तोलायचा
यावरून ट्रकवाल्याशी तासभर हुज्जत झाली.
एकोणीस वर्षांच्या वह्यांत
पहिल्यांदाच तिनं लिहिलं: अंदाजे.

मळ्यात शेंडे खुडायला कुणी आलं नाही.

चहाचं मुळात झाड असतं,
हे त्या गावालाच ठाऊक नव्हतं.
साठ वर्षं कमरेशी छाटून ठेवलेलं ते
एका उन्हाळ्यात खांद्याला लागलं,
पुढच्या दोन-तीन वर्षांत डोक्यावरून गेलं,
फुललं, फळलं, वाकडं झालं.
ओळींमधून नेचे माजले.
गुरं आत शिरली की संध्याकाळी
घंटेच्या आवाजावरून शोधावी लागत.
कुणी याला नासधूस म्हणालं,
कुणी स्वातंत्र्य.
झाडानं कुणालाच दुजोरा दिला नाही.

मे महिन्यात बायका बस भरून सार्पीची हद्द ओलांडू लागल्या.
पलीकडे तुर्कस्तान. रिझेचे डोंगर:
तोच समुद्र, तोच चिकट पाऊस, तोच चहा,
फक्त कमरेएवढा.
त्सियालाही गेली.
पिशवी लावलेल्या कात्रीनं दिवसभर शेंडे कापायचे,
रात्री एका खोलीत अकराजणी,
मधोमध ओले मोजे.

वजनाला एक पोरगा बसायचा, एमराह नावाचा,
कानामागे पेन्सिल, हातात कॅल्क्युलेटर.
गोणीमागे तीन किलो ओलाव्याचे म्हणून कापायचा,
पावसात तीन, उन्हातही तीन.
तिला तो लबाड वाटला नाही.
ओळखीचा वाटला.
त्याचे आकडेही कुठेतरी जात असणार,
आणि तिथे कोण वाचतं
हे त्यानंही विचारलं नसणार.

त्या रात्री तिला बऱ्याच वर्षांनी एतेरी आठवली.
एतेरीचा पाठीमागे लपवलेला हात,
आणि टोपलीकडे बघायचंच नाही
अशी सवय झालेले स्वतःचे डोळे.

सकाळी मळ्याच्या वाटेवर ओढा लागतो.
ती थांबली, पाण्यातून एक दगड उचलला,
पदराला पुसला,
तळहातावर धरून तोलला.
चारशे ग्रॅम. फार तर चारशे वीस.

अंदाजे नाही.